औषधाच्या पाण्याची वाटी

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळ पाचव्या महिन्यात गेले. तीन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात, एका सोमवारी दुपारी, डोंबिवली पूर्वेच्या एका नर्सिंग होममध्ये. आदल्या संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी असताना पिशवीचे पाणी गेले होते. कळा त्यानंतर सुरू झाल्या आणि थांबवता आल्या नाहीत. मी ठाण्याहून पोहोचले तेव्हा सगळे संपलेले होते. तिचा नवरा बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याच्या हातात तिच्या चपला होत्या.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, की पाणी असे लवकर जाण्याची अनेक कारणे असतात आणि खालचा जंतुसंसर्ग हे त्यातले एक. हिच्या बाबतीत तेच होते का, असे मी विचारले. मी एका मराठी दैनिकाच्या ठाणे आवृत्तीत उपसंपादक आहे. असा प्रश्न सवयीने तोंडात येतो. ते म्हणाले, शक्यता आहे, खात्री नाही. हे वाक्य मी आईला जसेच्या तसे सांगितले. आईने त्यातला 'जंतू' एवढाच शब्द घेतला.

आईने सव्वीस वर्षे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात काढली होती. तिथे सलाइन लावायच्या नळ्या आणि सुया तयार होत. आई पॅकिंगला होती. आत जाताना डोक्याला टोपी, तोंडाला फडके, पायांत कारखान्याच्याच चपला. दारापाशी स्टीलचे तीन टब ओळीने मांडलेले असत. पहिल्यात साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे, तिसऱ्यात औषधाचे. कोपरापर्यंत हात बुडवायचे आणि न पुसता, वर धरून, आत जायचे. सुपरवायझर मधूनच कुणाच्याही बोटांवरून कापसाचा बोळा फिरवून तपासायला पाठवी. काचेच्या बशीत जंतू वाढले, की बायका 'उगवलं' म्हणत. जिचे उगवे तिला आठवडाभर बाहेर खोकी चिकटवायला बसवत. आईचे कधी उगवले नाही. हे ती निवृत्त झाल्यावरही सांगे, बढाई म्हणून नाही, पत्ता सांगावा तसे.

तिसऱ्या टबातल्यासारखे औषध आमच्या घरी मोरीच्या फळीवर असे. तपकिरी रंगाचे, पाण्यात टाकले की पाणी दुधासारखे करणारे. लादी त्याने पुसली जाई, खरचटलेले गुडघे त्याने धुतले जात. आम्ही दोघी बहिणी वयात आलो तेव्हा पाळीच्या शेवटच्या दिवशी काय करायचे ते आईने शिकवले. कोमट पाण्याचा तांब्या, त्यात झाकणभर औषध, आणि नुसते वरून नाही, आतूनही धुवायचे. ती स्वतःही तेच करी. तिने कारणही सांगितले होते.

"आपल्या अंगाला वास आला, असं कुणी म्हणता कामा नये."

आईच्या माहेरच्या गावी, तिच्या लहानपणी, आमच्या लोकांना विहिरीचे पाणी वरून ओतून देत. त्याबद्दल ती फारसे बोलली नाही. पौर्णिमेला विहारात जाताना मात्र तिची पांढरी साडी वस्तीतल्या कुठल्याही बाईपेक्षा पांढरी असे. शेजारीण एकदा म्हणाली, "बाई, तुझ्याजवळ बसलं की आमचं मळकं दिसतं." आई म्हणाली, "मग धू ना."

बाळ गेल्यावर आई वागळे इस्टेटची खोली बंद करून डोंबिवलीला बहिणीकडे राहायला गेली. वडील काही वर्षांपूर्वी वारले होते. बहीण पतपेढीत नोकरी करते, तिचा नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत. घरात कुणीतरी हवे होते. आईने आल्या दिवशी बाथरूमच्या फळीवर स्वतःची बाटली ठेवली. शेजारी बहिणीची बाटली आधीपासून होती.

पुढच्या फेब्रुवारीत बहीण माझ्याकडे कोपरीला आली. मी मेथी निवडत होते. तीही समोर बसून निवडू लागली आणि मान वर न करता बोलली. तिला पुन्हा प्रयत्न करायचा होता. नवऱ्यालाही हवे होते. पण एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, आणि ती लग्नाच्या आधीपासूनची होती. अंगावरून पातळ, राखाडी पाणी जाई. खाज नाही, दुखणे नाही. वास मात्र येई, मासळीसारखा. काही महिने बरे असे, मग पुन्हा सुरू होई. मेडिकलवाल्याला विचारून तिने दोनदा गोळ्या घेतल्या होत्या. त्याने काय समजून दिल्या, तिला माहीत नव्हते. पतपेढीत ती दाराजवळच्या टेबलावर बसे, कारण तिथे वारा येतो. आई सांगे तसे पाळीनंतर धुणे तिने आता रोजचे केले होते. कधी दिवसातून दोनदा.

"धुतलं की दोन तास बरं वाटतं," ती म्हणाली. "मग परत."

नवरा काही म्हणतो का, असे मी विचारले. तो कधीच काही म्हणाला नव्हता. "पण तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. आता मला कळतच नाही की खरंच येतो की मलाच येतो."

मग तिने विचारले, "तुमच्या पेपरात दह्यापासून डायबेटिसपर्यंत सगळं येतं. याचं काही येत नाही का गं, ताई?"

आले होते. आमच्या आरोग्य पानावर एका तज्ज्ञ बाईंचा लेख आला होता. त्यातला 'योनिमार्ग' हा शब्द वरून आलेल्या सूचनेप्रमाणे सगळीकडे 'नाजूक भाग' असा बदलला गेला. लेख छापून आला त्या दिवशी एका वाचकाने फोन करून विचारले, की नाजूक भाग म्हणजे डोळे का, कारण त्यांच्या डोळ्यांतून पाणी येते. हे मी बहिणीला सांगितले. ती हसली. बाळ गेल्यानंतर ती माझ्यासमोर हसल्याची ही पहिली वेळ. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि पुढची जुडी सोडली.

मी तिला ठाण्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्या मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तपासले, आंबटपणा मोजायची कागदाची एक पट्टी लावून तिचा रंग पाहिला, काचेवर नमुना घेऊन तो शेजारच्या खोलीत पाठवला. तासाभराने आम्हाला आत बोलावले. बॅक्टेरियल व्हजायनोसिस, त्या म्हणाल्या. बायकांत अगदी नेहमी आढळणारा प्रकार. लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि अंग अस्वच्छ ठेवल्याने होते असेही नाही.

मग त्यांनी विचारले, "धुता कशानं?"

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले: तपकिरी औषधाने, आतून, वयात आल्यापासून. दोघीही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "आत एक वस्ती असते," त्या म्हणाल्या. "चांगल्या जंतूंची. ते आंबटपणा तयार करतात, आणि त्यात बाकीचे टिकत नाहीत. तुम्ही रोज वस्ती उठवताय. जागा मोकळी झाली की दुसरेच येऊन बसतात. त्यांचा वास येतो, म्हणून तुम्ही आणखी धुता."

बहीण म्हणाली, "म्हणजे विरजणासारखं."

"त्याच घराण्यातले आहेत. पण दही लावू नका. इथे दर आठवड्याला कुणीतरी दही लावून येतं."

उपचार असा ठरला. आधी प्रतिजैविकाच्या गोळ्या, त्या संपल्या की चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल. त्या गिळायच्या नाहीत, झोपण्यापूर्वी योनिमार्गात ठेवायच्या. जंतू जिवंत असतात म्हणून डबी फ्रिजमध्ये हवी. कॅप्सूल पाण्यात किंचित ओली केली की ठेवायला सोपी जाते. मी विचारले, याने नक्की बरे होते का. त्या म्हणाल्या, की काही बायकांचे पुन्हा पुन्हा उलटणे कमी होते, काहींना फरक पडत नाही. अभ्यास अजून चालू आहेत आणि त्या हमी देणार नाहीत. धुणे थांबवणे ही मात्र पक्की गोष्ट. आधी हे मिटू दे, पट्टी नीट येऊ दे, मग बाळाचे पाहू. असा संसर्ग असताना दिवस राहिले, तर बाळ लवकर होण्याचा धोका वाढलेला दिसतो.

"पहिलं त्यानंच गेलं?" बहिणीने विचारले.

"ते मी सांगू शकत नाही. तेव्हा तपासणी झालेली नाही."

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "धुण्याचं आईला सांगायचं नाही." तिला काय वाटेल ते आम्हा दोघींना कळत होते. म्हणून आईला अर्धेच सांगितले गेले: डॉक्टरांनी आत ठेवायच्या कॅप्सूल दिल्या आहेत, त्या थंड ठेवायच्या आणि पाण्यात ओल्या करून घ्यायच्या. धुणे बहिणीने गुपचूप बंद केले. सकाळी ती तांब्या भरे, त्यात औषध टाके आणि पाणी मोरीत ओतून देई, म्हणजे आईला वास येईल. हे तिने मला नंतर सांगितले.

कॅप्सूलची पहिली डबी ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात मिळाली. डोंबिवलीत तेव्हा नव्हती. बहिणीच्या नवऱ्याने ती स्टीलच्या डब्यात, ओल्या टॉवेलात बर्फ गुंडाळून, मोटारसायकलवरून नेली. एप्रिलची दुपार होती. शीळफाट्याला तो ट्रेलरच्या मागे अडकला. घरी पोहोचला तेव्हा टॉवेल कोमट झाला होता.

डबी फ्रिजमध्ये गेली ती अंड्यांच्या शेजारी. आईने ती त्याच दिवशी बाहेर काढून वाचली. तिला इंग्रजी पुस्तक वाचता येत नाही, पण वेष्टन वाचता येते: बॅच, मुदत, किती अंशावर ठेवायचे. सव्वीस वर्षे तिने तेच पाहिले होते. त्यातला 'लाइव्ह' हा शब्द तिने बोट ठेवून बहिणीला विचारला. बहिणीने अर्थ सांगितला.

"यात जंतू आहेत?"

"चांगले आहेत गं, आई."

"जंतू कुठले चांगले." आईने डबी परत अंड्यांशेजारी ठेवली. "सव्वीस वर्षं मी जंतू बाहेर ठेवायचा पगार घेतला. आता माझी पोरगी विकत घेऊन आत ठेवते."

नवरा जेवत होता. तो म्हणाला, "आई, आजकाल माती पण विकत मिळते." हे मला बहिणीने सांगितले. आईने फक्त विचारले की डॉक्टर शिकलेल्या आहेत ना. आहेत म्हटल्यावर तिने विरोध केला नाही.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही पुन्हा तपासणीला गेलो. पट्टीचा रंग पहिल्यासारखाच आला. वास गोळ्यांनी गेला होता, तो परत आला होता. डॉक्टरांनी विचारले, धुणे बंद आहे ना. बहिणीने खरे ते सांगितले, बंद आहे. कॅप्सूल थंड राहिल्या होत्या का? तेव्हा शीळफाटा निघाला. जंतू मेले असतील, असे डॉक्टर म्हणाल्या, किंवा तुमच्या बाबतीत कॅप्सूल चालत नसतील. पुन्हा एकदा करून पाहू, या वेळी डबी घराजवळ घ्या.

आम्ही सगळ्यांनी शीळफाट्याला दोष दिला. ते सोपे होते. बहिणीचा नवरा त्या ट्रेलरचा रंगही सांगे.

डोंबिवलीतल्या एका मेडिकलवाल्याने डबी मागवून दिली. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइके उभी असताना त्याने आतल्या माणसाला ओरडून विचारले, "ताईंचं ते जिवंतवालं आलं का रे?" बहिणीने बर्फाची पिशवी काउंटरवर ठेवली आणि सरळ उभी राहिली. घर तिथून चालत पाच मिनिटांवर होते. बर्फ वितळला नाही. गोळ्यांचा नवा कोर्स संपला आणि जूनमध्ये दुसऱ्या कॅप्सूल सुरू झाल्या. बहिणीने मला फोनवर सांगितले, की याही वेळी नाही जमले तर ती वाट पाहणार नाही. तिचे वय पस्तिशीकडे निघाले होते, आणि सासरी कुणी उघड बोलत नसले तरी सणाला तिची ओटी भरताना बायका शांत होत. धोका असला तर असू दे, ती म्हणाली.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी मी डोंबिवलीला गेले. दुपारी हात धुवायला बाथरूममध्ये शिरले. फळीवर दोन तपकिरी बाटल्यांच्या शेजारी स्टीलची एक छोटी वाटी होती, वर बशी झाकलेली. बशी उचलली. आत दुधासारखे पाणी होते.

आई दाराशी उभी होती. "हात नको लावू. रात्रीसाठी करून ठेवलंय."

कशासाठी, असे मी विचारले. आईने नीट समजावून सांगितले, नव्या मुलीला काम शिकवावे तसे. डॉक्टरांनी कॅप्सूल पाण्यात ओली करायला सांगितली आहे. पण नळाचे पाणी काय, कसे, कुणाला माहीत. म्हणून ती पाणी उकळते, निववते, त्यात चार थेंब औषध टाकते. बहीण आधी त्यात बोटे बुडवते, मग कॅप्सूल बुडवते. वाटी आई रोज घासून गरम पाण्यातून काढते. पहिल्या डबीपासून असेच चालू आहे. "अंगात जाणारी वस्तू तिसऱ्या टबातून गेल्याशिवाय आम्ही पुढे सरकवत नव्हतो," आई म्हणाली. "ही तर पोरीच्या अंगात जाते."

मी बशी झाकून ठेवली.

बहीण गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिला विचारले, की तुझ्या लक्षात आले नाही का. ती काही वेळ चिमटे लावत राहिली. मग म्हणाली, की डॉक्टरांनी धुवायचे नाही म्हटले होते, ते तिने सोडले. बोटे बुडवणे हे धुणे आहे असे तिला वाटले नाही. आणि चार थेंब तर होते.

"आणि खरं सांगू? तो वास आला की मला बरं वाटायचं. बाकी सगळं बंद केलं होतं, तेवढाच उरला होता."

मी म्हटले, आजपासून साध्या पाण्यात. ती म्हणाली, हो. आईला सांगावे लागेल, मी म्हटले. ती नाही म्हणाली. "ती मोजून चार थेंब टाकते ताई. चष्मा लावून टाकते. तिला मी काय सांगू, की तू माझं औषध मारलंस? मग ती पहिल्याचा विचार करेल." ठरले ते असे: बहीण वाटी आत नेईल, ओतून देईल आणि साधे पाणी घेईल. जसे सकाळच्या तांब्याचे चालले होते तसेच.

हे दोन आठवडे चालले. त्यातल्या किती कॅप्सूल जिवंत गेल्या आणि किती मेल्या, हे सांगता येणार नाही.

जुलैच्या तपासणीला आई बरोबर आली. तिला कुणी बोलावले नव्हते. ती पांढरी साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, की दोनदा तुम्ही गेलात, दोनदा काही झाले नाही, आता मी विचारते. आम्ही तिघी आत बसलो. या वेळी पट्टीचा रंग आधीपेक्षा थोडा बरा होता, पण हवा तसा नव्हता. डॉक्टर बहिणीला एकेक गोष्ट विचारत गेल्या. डबी कुठे ठेवता, कधी घेता, कशी घेता.

"पाण्यात ओली करून," बहीण म्हणाली.

"साध्या पाण्यात नाही, डॉक्टर," आई म्हणाली. "औषधाच्या पाण्यात. उकळून, निववून, चार थेंब. मी स्वतः करून देते. पहिल्या दिवसापासून एकदाही चुकवलं नाही."

बहीण टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या नमुन्याकडे, गर्भाशयाच्या त्या गुलाबी आकाराकडे पाहत राहिली. डॉक्टरांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि खुर्ची आईकडे वळवली. तुम्ही कुठे काम करत होतात, असे त्यांनी विचारले. आईने कारखाना सांगितला, तीन टब सांगितले. डॉक्टरांनी मध्ये अडवले नाही. मग त्यांनी आम्हाला सांगितले होते तेच आईला सांगितले, थोडे सावकाश: सुई रक्तात जाते, तिथे एकही जंतू नको, तुमचे बरोबर होते. ही जागा तशी नाही. इथे ते असावेच लागतात. तुमच्याकडचे औषध चांगला-वाईट ओळखत नाही.

आई ऐकत होती. पर्सचा बंद तिने बोटाला गुंडाळला होता.

"म्हणजे मी रोज मारून देत होते," ती म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

आईने मान हलवली. मग विचारले, "आणि आतून धुणं? ते पण मीच शिकवलंय दोघींना."

"ते पण बंद करायचं. यांनी केलंय बंद."

आईने बहिणीकडे पाहिले. सकाळच्या तांब्याचे तिला तेव्हा कळले. तिने डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारला, आणि तो ती घरूनच घेऊन आली असावी असे मला वाटले, कारण तो विचारताना ती अडखळली नाही.

"पहिलं बाळ यानं गेलं का?"

"माहीत नाही, आई. कुणीच सांगू शकणार नाही."

"आमच्याकडे बॅच फेल गेली की कारण द्यावंच लागायचं. त्याशिवाय सोडत नव्हते."

"इथे देता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पुढचं सांगते, ते ऐका."

पुढचे असे होते: पुन्हा एकदा गोळ्या, पुन्हा कॅप्सूल, हात साबणाने धुऊन, साध्या पाण्यात. आत काहीही घालून धुवायचे नाही, कुठलाही सुगंधी साबण नाही. तीन महिन्यांनी पट्टी पाहू.

रिक्षात आई मध्ये बसली होती. कोपरीच्या पुलाजवळ तिने मला विचारले, "तू अजून धुतेस?" मी म्हटले, पहिल्या तपासणीपासून बंद. "वास येतो?" नाही, मी म्हटले. आई म्हणाली, "मलाही साठ वर्षं कुणी म्हणालं नाही. म्हणजे आला असता का, ते कळणारच नाही आता."

डोंबिवलीला पोहोचल्यावर तिने बाथरूमच्या फळीवरच्या दोन्ही बाटल्या उचलल्या आणि ओट्याखाली, लादी पुसायच्या बादलीशेजारी ठेवल्या. फेकल्या नाहीत. वाटी घासून पालथी घातली. संध्याकाळी तिने पाणी उकळून निववले, त्या वाटीत ओतले, बशी झाकली आणि बहिणीला हाक मारून दाखवले. "बघ. नुसतं पाणी आहे." बहिणीने पाहिले.

ऑक्टोबरमध्ये पट्टीचा रंग हवा तसा आला. काचेवरचा नमुनाही साफ होता. हे कॅप्सूलमुळे झाले, की धुणे थांबल्यामुळे, की दोन्हींमुळे, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाल्या, ते वेगळे काढता येणार नाही. आता हरकत नाही, असे त्यांनी बहिणीला सांगितले. डिसेंबरात बहिणीला दिवस राहिल्याचे कळले.

पाचवा महिना मार्चमध्येच आला. त्या महिन्यात आई तिला ओट्यापाशी उभी राहू देत नसे. पोळ्या आई करी, भाजी नवरा पाळीवरून आल्यावर चिरे आणि जाड चिरतो म्हणून बोलणी खाई. पतपेढीतले दाराजवळचे टेबल बहिणीने आधीच सोडले होते. आता ती आत, इतर बायकांच्या मध्ये बसते. पौर्णिमेला आई विहारात गेली नाही. का, असे शेजारणीने फोन करून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "इथे बसलेय. बसणंच आहे सध्या." डॉक्टरांनी त्या महिन्यात दोनदा नमुना घेतला. दोन्ही वेळा काही उगवले नाही, असे आईने मला फोनवर कळवले. मग स्वतःच दुरुस्त केले: "म्हणजे जे उगवायला हवं, तेच उगवलं."

बाळ ऑगस्टमध्ये, पूर्ण दिवसांचे, ठाण्याच्या एका रुग्णालयात झाले. मुलगी. आई सकाळपासून तिथेच होती. तिने घरून धुतलेली दोन दुपटी, उकळून वाळवलेला मऊ पंचा आणि स्टीलचा तांब्या आणला होता. नर्सने बाळ आणून दिले तेव्हा त्याच्या अंगावर, मानेच्या घडीत आणि पाठीवर, पांढरा चिकट थर होता. आईने कोमट पाणी कुठे मिळेल, असे विचारले.

"आजी, आज आंघोळ नाही," नर्स म्हणाली. "ते पांढरं पुसायचंही नाही. कातडीला चांगलं असतं ते."

आईच्या हातात पंचा होता. तिने तो घडी करून पिशवीत ठेवला. बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुतले, पुसले, आणि बाळ घेतले. बहिणीने पलंगावरून विचारले, की कशी आहे. आई म्हणाली, "आहे तशीच ठेवलीय."

बाळाची पहिली आंघोळ काही दिवसांनी डोंबिवलीच्या घरी झाली. आईने पाटावर बसून, पायांवर घेऊन घातली. पाणी कोमट होते. त्यात दुसरे काही घातलेले नव्हते. मी तिथे होते.